मोळी पडण्याआधी

2024-25 च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 340 रुपये ठरवली होती. 2025-26 साठी ती 355 झाली. दोन्ही दर 10.25 टक्के साखर उताऱ्यासाठी आहेत. उतारा त्याच्या वर गेला की दर 0.1 टक्क्याला आदल्या वर्षी 3.32 रुपये वाढवून द्यायचे होते, पुढच्या वर्षी 3.46. एखाद्या कारखान्याचा उतारा 11.25 टक्के धरला, तर पहिल्या हिशेबाने टनाला 3,732 रुपये होतात आणि दुसऱ्याने 3,896. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो तो वेगळा. बिलाच्या प्रोग्रॅममध्ये आदल्या वर्षीचे आकडे तसेच राहून गेले, तर शंभर टन ऊस घातलेल्या सभासदाच्या बिलात 16,400 रुपयांची तफावत येते. शिवाय ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज लागतं. चूक सापडेपर्यंत थांबायला वेळ नसतो.

आकडे बदलणं तसं सोपं आहे. खरा त्रास नियम बदलतात तेव्हा होतो. पायाभूत उतारा 2018-19 मध्ये 9.5 वरून 10 टक्के झाला, 2022-23 मध्ये 10.25. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा आदेश काढला आणि मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे 2022 मध्ये ज्या प्रोग्रॅमरने नवा नियम लिहिला, त्याच्या जागी आज बसलेल्या माणसाला जुना नियम परत आणायचा आहे. तो जुना कोड कुठे आहे, तो कोणी, कोणत्या तारखेला आणि कशासाठी बदलला, बदलताना आणखी कुठे हात लागला, हे त्याला कळणार कसं?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा प्रश्न घरोघरी पोचतो. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर इथे ऊस उभा आहे. बारामतीत सोमेश्वर आणि माळेगाव, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी शंकरराव पाटील आणि नीरा-भीमा हे सहकारी कारखाने, शिवाय शेटफळगढ्याला बारामती अ‍ॅग्रो. ऊसनोंदणी, तोडणीचा कार्यक्रम, काट्यावरचं वजन, वाहतूकदारांची बिलं, ठेवी, साखरेचा साठा हे सगळं आज संगणकावर चालतं. त्यामागचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असो की घरी लिहिलेलं, त्यात दर हंगामाला हात घालणारी चार-पाच माणसं कुठेतरी असतातच. कधी ती कारखान्याच्या संगणक विभागात असतात, कधी गावातल्याच एखाद्या छोट्या कंपनीत. या माणसांच्या हाताखाली कोणती अवजारं असावीत आणि ती कशी बसवावीत, हा या प्रकरणाचा विषय. माझं म्हणणं एवढंच, की अवजारं उतरवून घेऊन चालू करायला एक दुपार पुरते. पण ती कधी, कोणासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर चालू करायची हे ठरवायला अख्खा ऑफ सीझन लागतो, आणि तेवढा वेळ त्याला द्यायलाच हवा.

आधी अवजारांची ओळख. पहिलं कोडभांडार. 2005 च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं, कारण तोवर ते ज्यावर काम करत होते त्या बिटकीपरची फुकट वापराची सवलत काढून घेतली गेली होती. आज जगातला बहुतेक कोड गिटमध्येच राहतो. प्रत्येक बदल, तो करणारा, तारीख आणि कारण यांसह ते जपून ठेवतं. दुसरी कामांची नोंदवही: शेतकी विभागाने सांगितलेली दुरुस्ती, लेखा विभागाची तक्रार, कोणाकडे दिली, झाली का. तिसरं, कोड भांडारात पडला की आपोआप तो जोडून, तपासून पाहणारं यंत्र. जेन्किन्स हे त्यातलं जुनं आणि परिचित नाव. चौथं, प्रोग्रॅम ज्या तयार सुट्या भागांवर उभा असतो त्यांची स्थानिक कोठी. पाचवा चाचणीचा सर्व्हर, चालू व्यवहारापासून पूर्ण वेगळा. या सगळ्यांना एकच लॉगिन हवं, म्हणजे माणूस सोडून गेला की एका जागी त्याचं खातं बंद करता येतं. गिटलॅबसारख्या एका पॅकेजमध्ये यातलं बरंचसं एकत्र मिळतं.

अशी शिस्त या भागाला नवी नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची मोटार-आवरणं बनतात. तसल्या कामात कोणती प्लेट कुठून आली, कोणी जोडली, कोणत्या चाचणीतून गेली याचा माग ठेवल्याशिवाय काही फाटकाबाहेर पडत नाही. सभासदाच्या बिलामागच्या कोडलाही तेवढाच माग असावा, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या भोवती संगणक मांडण्याचा एक मोठा प्रयोग याआधी झालेला आहे, आणि नियोजन करणाऱ्याने तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. 1998 मध्ये वारणानगरला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली 70 गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावागावांत केंद्रं उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी कामं हे सगळं तिथे मिळावं अशी कल्पना होती. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी तिथे बारकाईने पाहिलं, तेव्हा ती केंद्रं प्रामुख्याने कारखान्याच्याच कामासाठी वापरली जात होती: किती ऊस गेला, किती खत उचललं, तोड कधी. तेवढ्यासाठी प्रत्येक गावात एक संगणक, त्याची वीज आणि त्याची देखभाल महाग पडत होती. त्यांनी सात गावांत आठ महिने तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं. शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचं वाटलं, आणि सगळीकडे लागू केल्यास वर्षाला दहा लाख रुपये वाचतील असा अंदाज निघाला. 1998 साली मोबाइल गावात नव्हता, तेव्हा पहिला निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. पण काय वापरलं जातंय हे मोजून, नको ते काढून टाकायची वेळ आधीच ठरवून ठेवायला हवी होती. आपल्या अवजारांच्या आराखड्यात पहिल्याच पानावर ही तारीख लिहावी: दोन हंगामांनंतर मोजणी, आणि जे कोणी उघडत नाही ते बंद.

आता पंचांग. साखर कारखान्यात वर्ष मोळी पडण्यापासून मोजतात, आणि तो दिवस आपल्या हातात नसतो. राज्यात 2024 चा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला, 2025 चा 1 नोव्हेंबरला. दोन आठवडे इकडचे तिकडे होतात. त्यामुळे मागे मोजत येताना त्यातली आधीची तारीख धरायची. ऑक्टोबरमध्ये बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की अवजारांना हात लावायचा नाही: नवी आवृत्ती नाही, सर्व्हर हलवणं नाही, पासवर्डची नवी पद्धत नाही. बिलाचे नियम मात्र हंगामातही बदलतील आणि ते याच अवजारांतून जातील, म्हणून माणसांचा हात त्यांवर त्याआधी निदान दोन महिने बसलेला हवा. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला सगळं उभं पाहिजे. खरेदीला, संचालक मंडळाच्या मंजुरीला आणि सर्व्हर यायला लागणारा वेळ धरला तर मार्च-एप्रिलमध्ये, हंगाम संपता संपता, कागद हलायला हवेत. मधे आषाढवारी येते. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा तो आठवडा कोणाच्याही वेळापत्रकात कामाचा धरू नये. पुण्याच्या पुरवठादाराने त्याच आठवड्यात माणूस पाठवतो म्हटलं, तर त्याला नम्रपणे पुढची तारीख द्यावी. रस्ताही मोकळा नसतो आणि आपली माणसंही जागेवर नसतात.

किती मोठं यंत्र लागेल? इथे बहुतेक जण गरजेपेक्षा मोठं घेतात. गिटलॅबच्या निर्मात्यांच्याच मार्गदर्शनाप्रमाणे हजार वापरकर्त्यांपर्यंत एक सर्व्हर पुरतो. आपले पाच आहेत. कारखान्याचा अवघा कोड एका पेनड्राइव्हवर मावतो. पाच माणसांसाठी गिटीसारखं हलकं भांडारही चालेल, आणि ज्या विभागात सर्व्हर सांभाळणारा स्वतंत्र माणूस नाही तिथे मी तेच सुचवेन. ताकद खाते ती चाचणी: कोड जोडणं, तात्पुरता डेटाबेस उभा करणं, हजारो बिलं पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहणं. म्हणून भांडार एका यंत्रावर आणि चाचण्या दुसऱ्यावर, हा खर्च करण्यासारखा आहे. दोन्ही एकावर ठेवले, तर कोणी मोठी चाचणी लावली की बाकीच्यांना कोड पाहता येत नाही.

काट्याचं उदाहरण थोडं जवळून पाहू, कारण कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात नाजूक जागा तीच. भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढते. काट्याचं दर्शक यंत्र सिरियल केबलमधून संगणकाकडे एकामागून एक ओळी पाठवत राहतं, प्रत्येक ओळीत त्या क्षणाचं वजन. गाडी हलते तोवर आकडा हेलकावे खातो. तो स्थिर झाला की प्रोग्रॅमने तो धरायचा. गव्हाणीत ऊस रिकामा करून गाडी परत येते, पुन्हा वजन होतं, आणि वजाबाकी करून पावती निघते. हा प्रोग्रॅम बदलला तर तपासायचा कसा? खऱ्या काट्यावर प्रयोग करायचा नाही. त्याला वैधमापन विभागाचं सील असतं, आणि हंगामात त्यावर दिवसरात्र रांग असते. उत्तर साधं आहे. हंगामात एक दिवस त्या केबलमधून येणाऱ्या ओळी जशाच्या तशा एका फाइलमध्ये उतरवून ठेवायच्या. ऑफ सीझनमध्ये चाचणीच्या यंत्रावर दोन सिरियल पोर्ट एकमेकांना जोडायचे. एकातून ती फाइल त्याच वेगाने सोडायची, दुसऱ्यातून नवा प्रोग्रॅम ती वाचेल. प्रोग्रॅमला वाटतं समोर काटा आहे.

मग हळूहळू त्या फाइलमध्ये अडचणी पेरायच्या. अर्धीच आलेली ओळ. शून्याखाली गेलेलं वजन. स्थिर व्हायच्या आतच उतरलेली गाडी. भरलेलं वजन झालं, रिकाम्याच्या आधी वीज गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं, तर पहिली नोंद शाबूत आहे का? एकाच वाहनाच्या दोन खेपा एकमेकींत मिसळल्या का? प्रत्येक अडचण एक चाचणी होते आणि भांडारात कोडच्या शेजारी राहते. पुढे कोणीही एक ओळ बदलली, की या सगळ्या गाड्या पुन्हा काट्यावरून जातात, काही मिनिटांत, एकही चाक न हलता. आराखड्यात यासाठी काय लागतं? सिरियल पोर्ट असलेलं एक जुनं यंत्र, दोन केबल आणि हंगाम संपायच्या आत ती फाइल उतरवून घ्यायची आठवण. ती आठवण राहिली नाही तर पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागतं. अवजारांच्या यादीत हे कुठल्याच पुरवठादाराच्या कागदावर सापडणार नाही.

बिलांच्या चाचणीला डेटा हवा, आणि सगळ्यात सोपा मोह म्हणजे चालू डेटाबेसची नक्कल उचलून चाचणीच्या सर्व्हरवर टाकायची. तसं करू नये. त्यात हजारो सभासदांची बँक खाती, आधार, मोबाइल नंबर असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती सांभाळायची जबाबदारी कारखान्यावर येते, आणि चाचणीच्या सर्व्हरवर कोणी तेवढं लक्ष देत नाही. नावं आणि खातेक्रमांक बदलून टाकणारी एक छोटी प्रक्रिया आधी लिहायची आणि नक्कल तिच्यातूनच बाहेर येऊ द्यायची. मात्र बदलताना गुंता सपाट होऊ देऊ नये. एकाच गटातले तीन भाऊ, मयत सभासदाच्या वारसांची अर्धवट नोंद, लावण आणि खोडवा एकाच नावावर, दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीतला ऊस, सोसायटीच्या कर्जाची कपात. चुका असल्याच ठिकाणी होतात. नीटनेटका बनावट डेटा त्या लपवतो.

परवान्यांचा विषय रुक्ष वाटतो, पण मंडळापुढे जाणारी सगळ्यात मोठी रक्कम तिथेच दडलेली असते. जानेवारी 2023 पासून ओरॅकलने जावाचं नवं वर्गणीपत्रक आणलं. त्यात पैसे वापरणाऱ्या प्रोग्रॅमरांच्या संख्येवर न लागता संस्थेच्या एकूण कर्मचाऱ्यांवर लागतात. अर्धवेळ आणि तात्पुरतेही त्यात धरले जातात. चार प्रोग्रॅमर आणि शेकडो कायम-हंगामी कामगार असलेल्या कारखान्याला याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. त्याच भाषेची ओपनजेडीके ही खुली आवृत्ती उपलब्ध आहे. ती पहिल्या दिवसापासून बसवायची, आणि कुठल्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे याची यादी ठेवायची. अ‍ॅटलासियनने कामांची नोंदवही म्हणून गाजलेल्या जिराच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार 15 फेब्रुवारी 2024 ला बंद केला. सेंटओएस 7 ही सर्व्हरवर सर्रास दिसणारी प्रणाली 30 जून 2024 ला संपली. एकदा घेतलं की दहा वर्षं पाहायला नको, ही सवय इथे महागात पडते. प्रत्येक अवजाराच्या नावापुढे त्याचा आधार संपण्याची तारीख लिहिलेली असावी, आणि ती भर हंगामात येत असेल तर आदल्या ऑफ सीझनमध्येच बदल उरकावा.

वीज आणि तार. हंगामात कारखाना स्वतःच उसाच्या भुशावर वीज बनवतो. ऑफ सीझनला महावितरणवर असतो. अवजारं बसवायचं काम नेमकं त्याच काळात, आणि एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांचाही तोच काळ. सर्व्हरच्या खोलीचं अर्थिंग मोजून घेणं, यूपीएसच्या बॅटऱ्या किती वेळ टिकतात हे खरोखर वीज बंद करून पाहणं, बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपणहून नीट बंद होतो का हे तपासणं, ही कामं सॉफ्टवेअरच्या आधीची. रस्त्याचं काम निघालं की ऑप्टिकल फायबर तुटते आणि दोन दिवस इंटरनेट नसतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. त्या दोन दिवसांत बिलाचा कोड बदलायची वेळ आली, तर त्याला लागणारे तयार भाग बाहेरून उतरवून घेता येणार नाहीत. मघाशी सांगितलेली स्थानिक कोठी त्याचसाठी.

मग सगळं क्लाउडवर का ठेवू नये? ठेवावं, थोडं. माझा कल असा: भांडाराची मूळ प्रत कारखान्यात, तिची रोज आपोआप जाणारी दुसरी प्रत बाहेर, काट्याच्या चाचण्या कारखान्यात, कारण केबल तिथे आहे. छोट्या कंपनीने, जिचे ग्राहक चार तालुक्यांत पसरलेत, नेमकं उलटं करावं.

दुसऱ्या प्रतीचा उल्लेख आला, तर 31 जानेवारी 2017 ची रात्र सविस्तर सांगायलाच हवी. गिटलॅबच्या स्वतःच्या सेवेवर त्या दिवशी ताण आला होता. मुख्य डेटाबेसची दुसरी, जोड प्रत मागे पडली होती, आणि एक अभियंता रात्री उशिरा ती नव्याने चालू करायला धडपडत होता. जोड सर्व्हरवरचं निकामी डेटा-फोल्डर पुसायचं म्हणून त्याने आज्ञा दिली. ती चालली मुख्य सर्व्हरवर. क्षणभरात लक्षात येऊन त्याने ती थांबवली, पण सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबीच उरले होते. काही हरकत नाही, बॅकअप आहेत, असं वाटून त्यांनी एकेक पद्धत उघडायला घेतली. रोजचा बॅकअप रिकामा निघाला, कारण तो घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता आणि नव्याशी जुळत नसल्याने दररोज अपयशी ठरत होता. अपयशाची ईमेल जायची. पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नसल्याने समोरचा मेल-सर्व्हर ती नाकारत होता. त्यामुळे कोणालाच काही कळलं नव्हतं. इतर पद्धती एकतर चालूच केलेल्या नव्हत्या, नाहीतर उपयोगाच्या नव्हत्या. शेवटी हाती लागली ती एक प्रत, सहा तास आधी कोणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने घेतलेली. तिच्यावरून सेवा उभी राहिली. मधल्या सहा तासांतल्या सुमारे 5,000 प्रकल्पांच्या नोंदी, 5,000 शेरे आणि 700 नवी खाती गेली. कोड वेगळ्या जागी असल्याने तो वाचला. कंपनीने दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि पुढे कारणांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. ती नोंद या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावी. अवजारं बनवणाऱ्यांचीच ही गत, तर ती वापरणाऱ्यांनी किती सावध राहावं!

आराखड्यात त्याचं रूपांतर असं करावं. बॅकअप झाल्याची खबर येण्यावर विसंबू नये. खबर आली नाही तर ओरडणारं काहीतरी हवं. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी बॅकअपवरून रिकाम्या यंत्रावर सगळं पुन्हा उभं करावं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. मुख्य आणि चाचणीच्या सर्व्हरच्या पडद्यांचे रंग वेगळे ठेवावेत. रात्री दोन वाजता डोळे नावं वाचत नाहीत, रंग ओळखतात. भांडार, कामांची नोंदवही आणि किल्ल्या-पासवर्ड या तिघांचे बॅकअप वेगवेगळे तपासावेत, कारण गिटमध्ये फक्त कोड असतो. इतर गोष्टी डेटाबेसमध्ये राहतात आणि त्या बहुधा विसरल्या जातात.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांचंही इथेच पाहून घ्यावं: नोंदी 180 दिवस जपायच्या, सायबर घटना सहा तासांत कळवायची, सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची. घड्याळाचं काम पाच मिनिटांचं आहे. काट्याचा संगणक आणि बिलाचा सर्व्हर यांच्या वेळा जुळत नसतील तर मध्यरात्रीच्या गाड्यांची तारीख चुकते, म्हणून ते कायद्याशिवायही करायला हवंच.

यापुढचा भार आधीच दिसतो आहे. 2024 पासून बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबरोबर उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात हजार शेतकरी घेतले. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं यांवरून पाणी किती, खत किती आणि ऊस पक्व कधी, याचे सल्ले मोबाइलवर येतात. पक्वतेचा अंदाज शेतात मिळू लागला की तोडणीचा कार्यक्रम त्यावर लावा, अशी मागणी शेतकी विभागाकडून येणारच. त्यासाठी आज वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. फक्त चाचणीच्या यंत्रात मेमरी वाढवायला जागा मोकळी असावी, आणि तोडणी कार्यक्रमाचा कोड बिलाच्या कोडपासून वेगळ्या भांडारात असावा, म्हणजे एकात प्रयोग करताना दुसऱ्याला धक्का लागत नाही.

राहिली माणसं, आणि सगळ्यात जास्त आराखडे इथेच ढासळतात. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, माळेगावलाही अभियांत्रिकीचं शिक्षण मिळतं. हुशार मुलं इथेच तयार होतात. त्यांतला एखादा कारखान्यात लागतो, उत्साहाने सगळी अवजारं बसवतो, आणि दोन वर्षांत हिंजवडीला जातो. त्याने जावंच, त्याचं आयुष्य आहे. फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि सगळी रचना त्याने डोक्यात घेऊन जाऊ नये, एवढं बघायचं. म्हणून प्रत्येक अवजाराला सुरुवातीपासून दोन नावं: एक चालवणारा आणि एक जाणणारा. दुसरा प्रोग्रॅमर नसला तरी चालेल. लेखा विभागातला संगणकाची आवड असलेला कोणीही हे शिकतो. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, कार्यकारी संचालकांच्या तिजोरीत. मांडणीची प्रत्येक पायरी, कोणती आज्ञा, कोणती फाइल, का, हे मराठीत लिहून भांडारातच ठेवलेलं आणि त्याची छापील प्रत सर्व्हरच्या खोलीत, कारण सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरची वही वाचता येत नाही.

ती वही खरी आहे का, हे कळायचा एकच मार्ग मला माहीत आहे. ऑगस्टमधला एक दिवस निवडायचा. जाणणाऱ्याने कोऱ्या यंत्रासमोर बसायचं आणि छापील वही उघडून पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. चालवणाऱ्याने शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. जिथे पहिला अडेल, तिथे दुसऱ्याने उत्तर तोंडी न देता वहीत ती ओळ दुरुस्त करायची आणि मग पहिल्याने ती वाचून पुढे जायचं. संध्याकाळपर्यंत बॅकअपमधून भांडार, नोंदवही आणि काट्याच्या चाचण्या त्या यंत्रावर चालू झाल्या, तर मांडणी झाली असं मंडळाला कळवायला हरकत नाही. नाही झाल्या, तर सप्टेंबर शिल्लक आहे.